कासिम जान गल्लीतलं भाड्याचं घर

बल्लीमारानच्या तोंडाशी आलात की कॅमेरा लगेच काढू नका. चांदणी चौकाच्या उघड्या उजेडातून तुम्ही आत शिरताय, डोळ्यांना जरा वेळ लागतो. दोन्ही हातांना चष्म्यांची दुकानं, मग चपला-बुटांची. डोक्यावर तारांचे गुंते आणि त्यांच्या फटींतून दिसणारी आभाळाची अरुंद पट्टी. मागून हातगाडीवाला ओरडतो, तुम्ही भिंतीला चिकटता, तो पुढे जातो, तुम्ही पुन्हा चालू लागता. असं करत करत कासिम जान गल्लीत वळायचं. थोडं पुढे गेलात की मिर्झा गालिबचं नाव लावलेली कमान दिसते.

हवेली म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते इथे नाही. मूळ वास्तूचा हा एक तुकडा आहे. बाकीच्या भागात आजही दुकानं आणि संसार आहेत. लाखोरी विटा मात्र जवळून बघा. बोटाएवढ्या जाडीच्या, पातळ, एकावर एक दाट रचलेल्या. अशा विटांनीच जुनी दिल्ली उभी राहिली. डागडुजी करतानाही त्याच धर्तीच्या विटा वापरल्या, त्यामुळे जुनी भिंत कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते हे फोटोत कळत नाही. उजेड तिरका पडला किंवा हाताने चाचपलं तर थोडं कळतं.

आता कॅमेरा काढा. समोर अर्धपुतळा आहे, त्याच्यावर फोकस करा. हा चेहरा सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवला. मुंबईच्या शेअर बाजाराबाहेरचा उसळता बैलही त्यांचाच. गुलजारांनी हा पुतळा करवून घेतला आणि डिसेंबर २०१० मध्ये तो या हवेलीत बसला. दिल्लीतल्या सर्वांत मोठ्या उर्दू शायराच्या घरात शिरताच जो चेहरा तुमचं स्वागत करतो तो एका सोलापूरकराच्या हातचा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि मराठी माणसाचा या घराशी संबंध तेवढाच नाही. त्याच्याकडे येऊच.

शटर दाबा. डोळा कॅमेऱ्यावरून काढू नका.

पहिल्यांदा नाकाला कळतं. कोळशाचा वास. पुतळा नाही, पाट्या नाहीत, दिवे नाहीत. तुम्ही नव्वदच्या दशकात आहात आणि इथे वखार आहे. लाकूड, कोळसा, पोती, तराजू. कमानींमध्ये मागाहून घातलेल्या भिंती. गालिब इथे राहायचे हे आळीतल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, पण तेवढ्याने वखार हलत नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात जातं, मग सरकार जागेचा काही भाग ताब्यात घेतं, आणि २७ डिसेंबर २००० रोजी, गालिबच्या जन्मदिवशी, हे दार लोकांना उघडं होतं. म्हणजे गालिब गेल्यानंतर १३१ वर्षांनी. वखारवाल्यावर माझा राग नाही. त्याला जागा हवी होती, त्याने घेतली. ज्यांना हे घर कुणाचं हे ठाऊक होतं आणि ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांनी एवढी वर्षं घेतली याचं दुःख आहे.

आणखी मागे चला.

पाऊस पडतोय. साल १८६२. वखारीच्या जागी अंगण आहे, अंगणात पाणी साचलंय. पासष्टीला आलेला एक उंच, गोरा माणूस खाटेवर बसून वर बघतोय. बाहेरचा पाऊस ओसरला तरी छताचा थांबलेला नाही. कल्लू दारोगा, म्हणजे घरचा जुना नोकर, कुठे पातेलं, कुठे चिलमची अशी भांडी ठेवत फिरतो. ज्या लेखणीने एके काळी बादशहाच्या घराण्याचा इतिहास लिहिला, ती आज मित्राला छताची हकीकत कळवते आहे. मिर्झांची या दिवसांतली पत्रं वाचलीत तर गळक्या छताचं हे वर्णन तुम्हाला सापडेल, आणि ते वाचताना अंगावर थेंब पडल्यासारखं वाटेल.

हे घर त्यांचं नव्हतं. गालिबनी आयुष्यभर घर विकत घेतलं नाही. तेराव्या वर्षी, १८१० मध्ये, आग्र्याच्या या मुलाचं लग्न दिल्लीच्या उमराव बेगमशी झालं, थोड्या वर्षांत तो दिल्लीला आला तो कायमचाच, आणि त्यानंतरची पन्नासहून जास्त वर्षं भाड्याच्या नाहीतर स्नेह्यांनी दिलेल्या घरांत गेली. बहुतेक घरं याच परिसरातली, हकीमांच्या आणि लोहारूच्या नवाबांच्या शेजारातली. तुम्ही ज्या घराचा फोटो काढताय ते शेवटचं.

कल्यान नावाचा नोकर पत्रांचा गठ्ठा घेऊन टपालात निघालाय. त्याच्या मागे दोन पावलं जा. ही पत्रं बघण्यासारखी आहेत. एक सिकंदराबादला मुन्शी हरगोपाल तफ्तांना. हैदराबादजवळचं नव्हे, बुलंदशहराजवळचं सिकंदराबाद. एक पानिपतला मीर मेहदी मजरूहना, कारण १८५७ नंतर दिल्लीतून हाकलले गेलेले कित्येक जण तिकडे जाऊन राहिले आहेत. हाली मूळचे पानिपतचेच, त्यांनीच पुढे गालिबचं चरित्र लिहिलं. आज आपण ज्याला एनसीआर म्हणतो, त्या टापूत गालिबची माणसं विखुरली होती आणि टपालाने त्यांना बांधून ठेवलं होतं. मिर्झांना डाकेची विलक्षण ओढ होती. पत्त्यावर आळी लिहिण्याचीही गरज नाही, नाव आणि दिल्ली एवढं पुरे, असं ते मित्रांना अभिमानाने कळवत. घर बदललं तरी पत्र येत असे. या माणसाचा खरा पत्ता टपालवाल्याला पाठ होता.

आत जनान्याकडे कॅमेरा वळवू नका. तिकडे उमराव बेगम आहेत. त्यांचा फोटो नाही, संग्रहालयात त्यांच्या वाट्याला फारशी जागाही नाही. नमाज-रोजा कडक पाळणारी ही बाई नवऱ्याच्या दारूमुळे आपली भांडी वेगळी ठेवायची, असं हालींनी लिहून ठेवलंय. सात मुलं झाली, एकही दीड वर्षाच्या पुढे जगलं नाही. मग भाच्याला, आरिफला, आपलं मानलं. तो स्वतः चांगला शायर. तोही १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याची दोन पोरं, बाकर अली आणि हुसैन अली, याच दोघांनी वाढवली. गालिबच्या दुःखावर हजारो पानं लिहिली गेली. त्याच सात पाळण्यांचं दुःख भिंतीपलीकडच्या खोलीतही होतं, आणि तिथे लेखणी नव्हती. या घरात उभं राहून माझ्या मनात पहिल्यांदा त्याच बाईचा विचार येतो.

मिर्झांच्या हातात आज थोडे पैसे आहेत. पेन्शन. १८५७ नंतर इंग्रजांनी ती बंद केली होती, १८६० च्या मे महिन्यात थकबाकीसकट पुन्हा सुरू झाली. महिना ६२ रुपये ८ आणे. वर्षाचे साडेसातशे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण याच आकड्याच्या मागे लागून हा माणूस तरुणपणी कलकत्त्यापर्यंत गेला होता आणि हात हलवत परत आला होता.

मराठी वाचकाने इथे थांबायलाच हवं. ही पेन्शन आली कुठून? गालिबचे वडील अब्दुल्ला बेग खान अलवरच्या चाकरीत लढताना पडले, तेव्हा हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा. सांभाळ केला चुलत्याने, नसरुल्ला बेग खानने. आणि हा नसरुल्ला बेग मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा सुभेदार होता. महादजी शिंद्यांनी बादशहाकडून वकील-ए-मुतलक हा किताब मिळवला त्याला तेव्हा वीसेक वर्षं लोटली होती. दिल्ली-आग्र्यावर शिंद्यांची हुकमत होती. १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजला, आज जिथे उंच सोसायट्या उभ्या आहेत त्या भागात, लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात आग्रा पडलं. नसरुल्ला बेग इंग्रजांकडे गेला, लेकने त्याला चारशे स्वारांची सरदारी आणि जहागीर दिली. १८०६ मध्ये हत्तीवरून पडून तो वारला. जहागीर गेली, आणि तिच्या बदल्यात त्याच्या आश्रितांना जी नेमणूक लागली, तिच्यातला वाटा म्हणजे हे ६२ रुपये ८ आणे.

आपल्या शाळेच्या पुस्तकात १८०३ हे एका पराभवाचं साल आहे. शिंद्यांच्या हातून उत्तर हिंदुस्थान गेला, एवढं वाचून आपण पुढे जातो. त्याच पराभवाच्या वाटणीतून एका पोरक्या मुलाचं पोट भरलं आणि तो गालिब झाला. इतिहासाचे धागे असे कुठून कुठे जातात. सेतुमाधवराव पगडींसारख्या इतिहासकाराने मराठी वाचकाला गालिब समजावून सांगितला, याचं म्हणूनच मला नवल वाटत नाही. मराठ्यांच्या कागदपत्रांत बुडालेल्या माणसाला हे घर अनोळखी नव्हतं.

आता आणखी पाच वर्षं मागे जायचंय, आणि या घरातून बाहेर पडावं लागेल. १८५७ मध्ये मिर्झा या भिंतींत नव्हते, याच आळीत शेजारी होते. ऑक्टोबरचा महिना आहे. ११ मेला मेरठचे बंडखोर शिपाई शहरात आले होते. सप्टेंबरात इंग्रजांनी काश्मिरी दरवाजा फोडून दिल्ली परत घेतली. कान देऊन ऐका. बल्लीमारानमध्ये हातगाडी नाही, हाक नाही, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. गल्लीच्या तोंडाला दगड रचून वाट बंद केलीये. तिथे पहारा आहे तो पतियाळाच्या महाराजांच्या शिपायांचा, कारण इथले हकीम त्यांच्या दरबारचे. शहरभर घरं लुटली जात असताना ही आळी वाचली ती एवढ्यासाठी.

वाचली म्हणजे जिवानिशी. खायला फारसं नाही. पाणी आणायला बाहेर जाता येत नाही. एक दिवस पाऊस येतो. लोक अंगणात चादर बांधतात, खाली घागरी ठेवतात. तुम्ही छायाचित्रकार आहात, तर हे चित्र डोळ्यांत साठवा: चार कोपऱ्यांना ताणलेली चादर, मधोमध पाण्याच्या वजनाने आलेला झोळ, त्या झोळातून घागरीत पडणारी धार, आणि त्या घागरीकडे बघत उभी असलेली माणसं. मिर्झांनी हे 'दस्तंबू' या आपल्या १८५७ च्या रोजनिशीत नोंदवून ठेवलंय. फोटो कुणी काढला नाही.

त्याच महिन्यात गोरे शिपाई भिंतीवरून उड्या मारून आळीत आले आणि मिर्झांना कर्नलसमोर घेऊन गेले. तिथे 'मुसलमान आहेस का' या प्रश्नावर त्यांनी दिलेलं 'अर्धा' हे उत्तर सगळ्या मैफलींत सांगितलं जातं, लोक हसतात. मला त्या गोष्टीत हसू येत नाही. साठीच्या माणसाला घरातून उचलून नेलंय, जवळची काही माणसं मारली गेलीत, आणि जीव वाचवायला त्याच्याजवळ फक्त जीभ आहे. दोनच आठवड्यांनी त्यांचा धाकटा भाऊ मिर्झा युसुफ वारला. तो कित्येक वर्षं वेडाच्या भरात होता, वेगळ्या घरात राहायचा. ताप येऊन गेला, असं गालिबनी लिहिलं. गोळी लागून गेला, असं सांगणारेही आहेत. पाणी नाही, कफन नाही, कबर खणणारा नाही. शेजारपाजारचे काही जण, पतियाळाचा एक शिपाई आणि घरचे दोन नोकर एवढे जमले. घरातल्या पांढऱ्या चादरी कफन म्हणून गुंडाळल्या आणि जवळच्या मशिदीच्या आवारात त्याला पुरलं. दिल्लीच्या सर्वांत मोठ्या शायराच्या घरचं हे मर्तिक.

पुढच्या वर्षी दिल्लीत कॅमेरे आले. फेलिचे बेआतो नावाचा छायाचित्रकार काचेच्या प्लेटांचं ओझं घेऊन फिरतोय: काश्मिरी दरवाजा, तोफांनी फोडलेले बुरूज, जामा मशीद. त्याच्या चित्रांत भिंती भरपूर, माणसं थोडी. त्याच १८५८ मध्ये कैदेतल्या बहादूरशाह झफरचाही फोटो काढला गेला. मळकट बिछान्यावर लवंडलेला, थकलेल्या डोळ्यांचा म्हातारा, ज्याच्या गझला चार वर्षांपूर्वीपर्यंत जौक आणि नंतर गालिब तपासत होते. ऑक्टोबरात त्याला रंगूनला पाठवलं. पराभूत बादशहाचा फोटो काढायची घाई होती. शायराचा फोटो निघायला अजून दहा वर्षं लागली.

तिथेच चला. १८६८. कॅमेरा तिकाटण्यावर आहे, आणि तुम्ही त्याच्या काळ्या कापडाशेजारी उभे आहात. तुमच्या खिशातल्या फोनने सेकंदात दहा फोटो निघतात. इथे काचेवर द्रव ओतून, ती ओली असतानाच फोटो घेऊन, लगेच धुवायची असते. समोर मिर्झा बसले आहेत. उंच टोपी, पांढरी दाढी, अंगावर जाड लांब अंगरखा. ते आता जवळजवळ बहिरे झालेत. भेटायला येणारे कागदावर लिहून देतात आणि ते तोंडाने उत्तर देतात. म्हणून 'हलू नका' हेसुद्धा खुणेनेच सांगावं लागतं. ते हलत नाहीत. पाठ वाकलीये, खांदे उतरलेत, पण नजर सरळ भिंगात. भिंगाचं झाकण निघतं. श्वास रोखून तुम्हीही मोजता. झाकण बसतं.

आज पोस्टरांवर, चहाच्या कपांवर जो गालिब दिसतो, त्यातलं खोटं पुसून उरतं ते या एका बैठकीचं. रामपुऱ्यांच्या हातालाही आधार मिळाला तो असल्याच खुणांचा. तरुणपणी गालिब देखणे होते, असं सगळे लिहितात. तो तरुण गालिब आपल्याजवळ नाही. कॅमेरा आला तेव्हा सगळं संपत आलं होतं, आणि तरीही या माणसाची बसण्याची ऐट गेली नव्हती. हा फोटो मी पुन्हा पुन्हा पाहतो तो त्या ऐटीसाठी.

१५ फेब्रुवारी १८६९ रोजी मिर्झा गेले. पत्रांचा 'उर्दू-ए-मुअल्ला' हा संग्रह छापून आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. त्यांनी तो हातात घेतला नाही. वर्षभराने, १८७० च्या फेब्रुवारीत, उमराव बेगमही गेल्या.

आता डोळा काढा. हवेलीत तुमच्या आजूबाजूला हुक्का धरून बसलेला पुतळा आहे, त्या काळच्या धर्तीचे कपडे आहेत, सोंगट्यांचा पट आहे. त्यांचे फोटो काढा, जरूर काढा, पण यातल्या बहुतेक वस्तूंना मिर्झांचा हात लागलेला नाही हे ध्यानात असू द्या. १८५७ च्या लुटीत मित्रांच्या घरची पुस्तकालयं गेली, त्यांत जपलेल्या मिर्झांच्या गझलाही गेल्या. बेगमचे दागिने गेले. वाईट दिवसांत घरातले कपडे विकून पोट भरलं. ज्याच्या घरात त्याच्या हयातीतच काही उरलं नाही, त्याच्या घरात दीडशे वर्षांनी काय सापडणार? म्हणून मी म्हणतो की इथे वस्तूंपेक्षा जागेचा फोटो घ्या. कमानीतून बाहेरची गल्ली घ्या, त्यात येणारा-जाणारा माणूस येऊ द्या. भिंतीपलीकडे जो भाग अजून दुकानांत आहे तिकडे लेन्स वळवा, अर्थात तिथल्या माणसाला विचारून. हवेली तिथेही आहे.

आणि जाण्याआधी गालिबची पत्रं वाचा, गझला माहीत असल्या तरी वाचा. ती वाचली नाहीत तर ही चार भिंतींची जागा दहा मिनिटांत पाहून होते. वाचली असतील तर तास पुरत नाही. त्याच दिवशी निजामुद्दीनला जा, चौसष्ट खांब्याजवळ त्यांची कबर आहे, बेगमचीही तिथेच. शक्य झालं तर २७ डिसेंबरच्या सुमाराला जा, त्या दिवसांत लोक मेणबत्त्या घेऊन कासिम जान गल्लीत येतात. सोमवारी जाऊ नका, हवेली बंद असते.